चिनी गुलाबाची ड्युटी

वाळवंटातल्या बागेत जमीन झाकायला चिनी गुलाब लावा, असं सगळे सांगतात. त्याच्या कामाच्या वेळा मात्र कुणी सांगत नाही. ऊन चांगलं तापलं की याचं फूल उघडतं आणि दुपार कलता कलता मिटतं. म्हणजे नोकरदार माणूस घराबाहेर पडतो तेव्हा वाफ्यात नुसत्या कळ्या, परततो तेव्हा पाकळ्यांच्या चुरगळलेल्या गुंडाळ्या. आपल्याच बागेत कोणते रंग फुललेत ते शेजाऱ्याकडून ऐकायचं! सुट्टीच्या दिवशी निवांत बघू म्हणावं, तर एकेक फूल जेमतेम एका दिवसाचं. आणि सुट्टीला नेमकं आभाळ आलं की संपलंच. वाळवंटात ढग दिसले की माणसं हरखतात; हा तोंड उघडायला तयार नसतो. जास्त वेळ उघड्या राहणाऱ्या जाती आता निघाल्या आहेत, पण फुलाला ओव्हरटाइम करायला लावणं मला काही पटत नाही.

खरी गंमत पानांची आहे. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिनाकडचं. पानं बारीक, नळीसारखी गोलसर, पाण्याने भरलेली. भाजीची घोळ याच प्रजातीतली, आणि निवडुंगही फार लांबचा नव्हे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आणि त्याच वाटेने त्यांचं पाणी उडून जातं. निवडुंग हे काम रात्रीच्या गारव्यात उरकतो. वायू आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं लावून तो वापरतो. घोळ आणि चिनी गुलाब याहून हुशार. पाणी आहे तोवर मका-उसासारखी झपाट्याची पद्धत, ताण पडला की जोडीला रात्रपाळी. घोळीत या दोन्ही पद्धती एकाच प्रकारच्या पेशींत गुंफलेल्या असतात, हे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 साली दाखवून दिलं. फूल दिवसपाळीला, पान रात्रपाळीला, अन् आपण झारी घेऊन मध्ये लुडबुडणार.

ती झारी आवरणंच कठीण. नव्याने खोचलेल्या फांदीला मूळ धरेपर्यंत पाणी हवंच. ‘कमी पाण्याचं झाड’ म्हणून तिला पहिल्याच दिवसापासून तहानलेली ठेवणं हा निव्वळ दुष्टपणा. एकदा रुजली की मात्र माती सुकू द्यायची आणि मगच भरपूर पाणी घालायचं. रोज शिंपडत बसलं की पाला माजतो, फुलं रुसतात, पुढे खोडच सडतं. वाळूचा निचरा इथे देवासारखा धावून येतो. सावलीत लावायच्या फंदात तर पडूच नये.

लोक जमीन झाकायला खडी पसरतात. पण खडी दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता परत ओकते. त्यापेक्षा हा वीतभर उंचीचा पाला मातीवर सावली धरतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं, फुलांपेक्षाही.

कडाक्याच्या थंडीत झाड जातं, बिया राहतात. बोंडाला चक्क झाकण असतं. ते निघालं की भुकटीसारख्या बारीक बिया सांडतात. त्यांना रुजायला उजेड लागतो, म्हणून पेरताना मातीत पुरायच्या नाहीत, नुसत्या भुरभुरायच्या. सांडलेल्या बियांनी कुठे उगवायचं ते वारा ठरवतो. माझ्या वाफ्यात यंदा रोपं विरळ आहेत, खडीच्या वाटेवर दाट. वाटच जरा बाजूला सरकवावी म्हणतो.