अकरा युनिट

आमच्या हार्डवेअर लॅबमधले वीस पीसी २०१४ सालचे. चौथ्या पिढीचे आय-थ्री, चार जीबी रॅम आणि खरखरणाऱ्या हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्यांचं भवितव्य ठरलं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आमच्याकडे दोन्हींच्या नावानं शंख. ऑफिसनं डेड स्टॉक रजिस्टर मागवलं आणि निर्लेखनाचा, म्हणजे मशीन भंगारात काढायचा, प्रस्ताव तयार करा म्हणून निरोप आला.

मला ते काही पटेना. मशीन धडधाकट होती. ‘एक टर्म द्या, मुलांकडून विंडोजच्या जागी लिनक्स बसवून घेतो,’ असं सांगून मी वेळ मागून घेतला. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान एसएसडीसाठी पैसे मिळाले ते सहा मशीनपुरतेच. खरं सांगायचं तर माझा हेतू सगळाच काही पर्यावरणाचा नव्हता. डिप्लोमाच्या पीओंमध्ये (प्रोग्राम आउटकम, म्हणजे अभ्यासक्रम संपताना विद्यार्थ्याला काय यायला हवं त्याची यादी) पाचवा पीओ समाज, शाश्वतता आणि पर्यावरणाचा आहे. आपला विषय कोणत्या पीओला किती हातभार लावतो हे १ ते ३ आकड्यांत दाखवायच्या मॅपिंगच्या तक्त्यात त्या रकान्यात आम्ही सगळेच डोळे झाकून ‘१’ टाकतो. यंदा ‘३’ टाकायला निदान तोंड तरी राहील, असाही एक हिशोब मनात होता.

जर्नलमध्ये एक बदल केला. दर प्रयोगाच्या शेवटी ‘काय शिकलात’ असं विचारलं की तीसही जर्नलांत एकच वाक्य येतं: ‘या प्रयोगातून मला बरेच काही शिकायला मिळाले.’ एकानं लिहायचं, एकोणतीस जणांनी उतरवायचं. म्हणून या वेळी प्रश्न दिला, ‘आज काय खटकलं?’ आणि बजावलं, कुणाचं कुणाशी जुळलं तर सही नाही.

त्या गुरुवारी प्रॅक्टिकल होतं वीज मोजण्याचं. प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर आणलं होतं. आधी मी फळ्यापाशी उभा राहून बरंच बोललो. खाणीतल्या धातूपासून चिप तयार होईपर्यंत इतकी ऊर्जा खर्च होते की संगणक आपल्या टेबलावर यायच्या आधीच त्याच्या नावावर बराच कार्बन चढलेला असतो. म्हणून आहे ते मशीन जितकं जास्त वर्षं चालवू तितकं चांगलं, वगैरे. मुलं माना डोलावत होती. मग मोजायला घेतलं. विंडोज आणि हार्ड डिस्क असलेलं मशीन नुसतं चालू ठेवलं तर मॉनिटर सोडून ३४ वॅट. लिनक्स मिंट आणि एसएसडीवालं ३१ वॅट.

तीन वॅट! मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मी रेटून हिशोब मांडला: वीसही मशीन बदलली तर आठ तासांत ४८० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ अर्धा युनिट. बोलताना माझाच आवाज मला पडेल वाटत होता.

शनिवारी दुपारी स्टाफरूममध्ये जर्नलं तपासायला घेतली. कुणाला वॉटमीटरचा आकडा हलत राहतो हे खटकलं, कुणाला लॅबमधला पंखा. सत्तावीस नंबरचं जर्नल उघडलं. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी. तिनं लिहिलं होतं:

‘मंगळवारी डबा विसरला म्हणून मी सात वाजता लॅबमध्ये परत आले. मॉनिटर बंद होते पण सगळे सीपीयू चालू होते. संध्याकाळी ५ ते सकाळी ९ म्हणजे १६ तास. ३४ × १६ × २० = १०,८८०. म्हणजे रोज रात्री जवळजवळ ११ युनिट. आपण अर्धा युनिट वाचवायचा हिशोब करतोय. लॅबच्या शिपाईमामांना विचारलं तर ते म्हणाले, सरांनीच सांगितलंय.’

मी पेन खाली ठेवलं. सांगितलं होतंच मी! दोन वर्षांपूर्वी. ही मशीन सुरू व्हायला सहा-सात मिनिटं घेतात, नऊच्या बॅचची सुरुवातच वाया जाते. स्लीपवर टाकली तर चार-पाच उठतच नाहीत. तेव्हा मामांना म्हटलं होतं, ‘बंद नका करू, मॉनिटर तेवढे बंद करा.’ आणि विसरून गेलो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अकरा युनिटांचा गुणाकार मी समासात केला आणि खोडला.

सोमवारी तिला बोलावलं. ती दारातच थबकली.

‘सर, काही चुकलं का?’

‘नाही गं. युनिटचा हिशोब कुठं शिकलीस?’

‘आमची पिठाची गिरणी आहे, सर. मोटर बंद केल्याशिवाय अप्पा जेवायलासुद्धा येत नाहीत.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘सर, त्या एसएसडीच्या सहा मशीन मी बंद करून परत चालू करून बघितल्या. बावीस सेकंदांत येतात. त्या तर रात्री बंद करता येतील की.’

मी गुरुवारभर वॉटमीटरच्या आकड्यात एसएसडीचा फायदा शोधत होतो. तो तिथं नव्हताच. मशीन झटकन उठतं म्हटल्यावर ते बंद करायला कुणाचा जीव खालीवर होत नाही, फायदा त्यात होता. नुसती ती सहा बंद ठेवली की रात्रीचे तीन युनिट वाचतात, गुरुवारी मी फळ्यावर मांडलेल्या बचतीच्या सहापट. पीओच्या रकान्यात हे कसं बसवायचं मला अजून कळलेलं नाही. तिच्या जर्नलमध्ये शेऱ्याच्या जागी ‘चांगले’ लिहायला गेलो आणि राहू दिलं. नुसती सही केली.

उरलेल्या चौदा एसएसडींचा अर्ज ऑफिसात निर्लेखनाच्या फायलीलाच टाचलेला आहे. तोवर वीसही मशीन संध्याकाळी बंद होतात. मामांना मी तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मग सकाळी चालू कोण करणार, सर?’

म्हणून हल्ली मी नऊला वीस कमी असतानाच लॅबमध्ये असतो. हार्ड डिस्कवाल्या चौदांपैकी डावीकडची सात मामा चालू करतात, उजवीकडची सात मी. अकरा नंबरचं बटण दोनदा दाबावं लागतं.