तिसऱ्या खोक्यातला डावखुरा चित्रकार उजवाच निघाला

देणगीत आलेल्या चित्रांची सूची करताना अडलेल्या ३/४१ चा, म्हणजे तिसऱ्या खोक्यातल्या ४१ व्या कागदाचा, गुंता सुटला. सुटताना माझ्याच सूचीकार्डावरची तीन विधानं खोडावी लागली, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

थोडी उजळणी करते. हे ते कापणीचं चित्र: तीन माणसं वाकून पीक कापताहेत, मागे झाडांची रांग, वर जवळजवळ मोकळं आकाश. जुन्या दाखल वहीत ‘पेन्सिल, चित्रकार अज्ञात’ एवढीच ओळ आहे. चारही कडा कातरलेल्या आणि पाठीवर पूर्ण चिकटवलेला तपकिरी पुठ्ठा. उजेड आरपार जात नाही, त्यामुळे वॉटरमार्क असला तरी दिसायची सोय नाही. मी कार्डावर लिहिलं होतं: रेखाटन, लेड कागद (ज्याच्या अंगातच बारीक समांतर धारी असतात तो), चित्रकार बहुधा डावखुरा. लेड म्हटलं, कारण रेषांमध्ये बारीक समांतर धारी स्वच्छ दिसत होत्या. डावखुरा म्हटलं, कारण छायेच्या सगळ्या रेषा डावीकडून वरून निघून उजवीकडे खाली उतरतात. उजव्या हाताने भरभर छाया भरणाऱ्याच्या रेषा नेमक्या उलट्या कलतात. हा तर्क मला इतका आवडला होता की त्यावर कुणी शंका घेतलेलीही मला खपत नव्हती.

गेल्या आठवड्यात स्थितिनोंदीसाठी तिरप्या उजेडात फोटो काढत होते. दिवा टेबलाच्या पातळीला, डाव्या बाजूने. हेतू फक्त कागदाचे उंचवटे आणि पुठ्ठ्याचा फुगवटा टिपायचा होता. पडद्यावर फोटो मोठा केला आणि आकाशावर नजर गेली. आकाश गुळगुळीत होतं. धारी नाहीत, पुसटशीही नाहीत. खालच्या समासात नाहीत, दोन माणसांच्या मधल्या रिकाम्या जागेतही नाहीत. धारी फक्त रेषेच्या आत. रेषा संपली की धारीही संपतात.

दोन मिनिटं मी नुसती बघत बसले. कागद लेड असता तर धारी सगळीकडे असत्या, चित्र असो वा नसो. म्हणजे हा कागद वोव्ह, बिनधारीचा गुळगुळीत आहे आणि धारी दुसऱ्याच कुठल्यातरी कागदाच्या आहेत. त्या इथे आल्या कशा?

पहिली शक्यता साधी होती. पातळ कागद खरबरीत पृष्ठावर ठेवून पेन्सिल घासली की खालचा पोत वर उमटतो, हे आपण सगळ्यांनी नाण्यांवर केलेलं आहे. ती आधी निकालात काढायला हवी होती. यूएसबी सूक्ष्मदर्शक लावला. (या उपकरणाबद्दल माझं मत बदललेलं नाही: त्याच्यावर छापलेल्या ‘हजार पट’वर विश्वास ठेवू नका, पण मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून फोटो घेता येतो एवढ्यासाठी तो हवाच. रोजचं नव्वद टक्के काम माझं अजूनही दहा पटीच्या लूपवरच, छोट्या भिंगावरच होतं.) पेन्सिलीचे कण तंतूंच्या माथ्यावर बसतात, तिरप्या उजेडात राखाडी चमकतात आणि खोलगट जागा कोऱ्या सोडतात. इथे काळा रंग तंतूंच्या मध्ये उतरलेला होता, मॅट होता, आणि बऱ्याच ठिकाणी किंचित उंच उभा होता. ही शाई आहे. म्हणजे हे रेखाटन नाही, छाप आहे.

धारीच्या कागदाचा पोत रेषेत पकडणारी छाप म्हटली की सॉफ्ट ग्राउंड एचिंग डोळ्यांपुढे येतं. एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदून छापणं, आणि ग्राउंड म्हणजे पत्र्याला आम्लापासून वाचवणारा लेप. नेहमीच्या ग्राउंडमध्ये चरबी मिसळून ते मऊ ठेवायचं, पत्र्यावर लावायचं, वर कागद टाकून त्यावर पेन्सिलीने चित्र काढायचं. जिथे दाब पडला तिथे ग्राउंड कागदाच्या पाठीला चिकटून उचललं जातं, आणि तेवढाच पत्रा आम्ल खातं. कागदाची प्रत्येक धार, प्रत्येक खळगा रेषेबरोबर पत्र्यात जातो. मग छापायला कुठलाही कागद घ्या, रेषेत पहिल्याच कागदाचा पोत राहतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे तंत्र चित्रकारांना आवडलं ते याचसाठी, खडूच्या हाताची भुरभुर जशीच्या तशी येते. गेन्सबरो आणि गर्टिन या इंग्रज चित्रकारांनी ते वापरलं, गर्टिनने पॅरिसच्या दृश्यांसाठी. पुढे लिथोग्राफीने, म्हणजे दगडावरून छापण्याच्या तंत्राने, तेच काम सोपं केलं आणि हे मागे पडलं.

इथे थांबले असते तर कार्ड त्याच संध्याकाळी पूर्ण झालं असतं. पण लिथोग्राफी आठवली आणि झोप उडाली. ट्रान्सफर लिथोग्राफमध्येही अगदी हेच होतं. चित्र दगडावर न काढता खास कागदावर तेलकट खडूने काढायचं आणि मग दगडावर उतरवायचं. कागद धारीचा असेल तर धारी दगडावर जातात आणि छापात येतात. जर्मनीतल्या झेनेफेल्डरने लिथोग्राफी १७९६ ते १७९८ च्या सुमारास सिद्ध केली, आणि कागदावरून दगडावर उतरवण्याची युक्तीही त्याचीच. चित्रकार व्हिसलरची कितीतरी लिथो याच पद्धतीची आहेत. अशा छापांना लिथोग्राफ म्हणावं की नाही यावरून सिकर्ट आणि पेनेल या दोन चित्रकारांमध्ये १८९७ मध्ये लंडनच्या कोर्टात खटलाही झाला होता. पेनेल जिंकला, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. तंत्राच्या रकान्यात जे खरोखर घडलं ते लिहावं, कुणाला काय शुद्ध वाटतं ते नव्हे.

तर प्रश्न असा उरला: सॉफ्ट ग्राउंड की ट्रान्सफर लिथो? दोन्हींच्या काळात कित्येक दशकांचा फरक पडू शकतो. शाईचा उंचवटा एचिंगच्या बाजूने बोलतो, कारण पत्र्याच्या खाचेतली शाई कागदावर उभी राहते आणि लिथोची शाई सपाट बसते. पण हा कागद पुठ्ठ्यावर चिकटवताना चांगलाच दाबलेला आहे, त्यामुळे अर्ध्या रेषा चपट्या झाल्यात. एका रेषेत उंचवटा दिसतो, शेजारच्या रेषेत नाही. तीन संध्याकाळी मी एकाच बाहीच्या चुणीकडे बघत काढल्या आणि रोज मत बदललं. प्लेटमार्क, म्हणजे पत्र्याच्या कडेचा कागदावर उठलेला दाब, शोधावा तर कडा कातरलेल्या.

उत्तर माझ्या डावखुऱ्यानेच दिलं.

पत्र्यावरून थेट छापलं की चित्र उलटतं. ट्रान्सफर लिथोत ते दोनदा उलटतं, कागदावरून दगडावर एकदा आणि दगडावरून कागदावर पुन्हा, म्हणजे सरळच राहतं. छायेच्या रेषा ‘डावखुऱ्या’ दिसतात त्या चित्रकार डावखुरा होता म्हणून नव्हे, चित्र उलटलं म्हणून असतील तर? मी माणसांच्या हातांकडे पाहिलं. विळा तिघांच्याही डाव्या हातात आहे. तिघांच्याही! इतके दिवस मी हातांची बोटं-सांधे न्याहाळत होते, कापड कसं पडलंय ते लिहीत होते, आणि विळा कुठल्या हातात आहे हे पाहिलंच नव्हतं. एक डावखुरा कापणीवाला समजू शकते, एका ओळीत तीन नाहीत. चित्र आरशात धरलं आणि सगळं जागेवर आलं: विळे उजव्या हातात, छायेच्या रेषा उजव्या हाताच्या.

हा पुरावा परिस्थितिजन्य आहे, मान्य. पण नंतर खालच्या उजव्या कोपऱ्यात, कातरणाऱ्याची कात्री जिथे किंचित बाहेर सरकली होती तिथे, जेमतेम सहा मिलिमीटर लांबीची पुसट काळसर रेघ सापडली. तिच्या आत कागद दबलेला, बाहेर वर आलेला. पत्र्याच्या उतरत्या कडेवर नीट न पुसलेली शाई. मी खुर्चीतून उठून खोलीभर एक फेरी मारली.

मग वहीतली ‘पेन्सिल’ कुठून आली? तीही खोटी नाही. मधल्या माणसाची पाठ आणि डावीकडचं झाड यांच्यावर खरोखर ग्राफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीच्या रेषा आहेत, चमकणाऱ्या, तंतूंच्या माथ्यावर बसलेल्या, छापावर नंतर ओढलेल्या. वही लिहिणाऱ्याने जे चमकताना पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. आणि त्या रेषा कुठल्या दिशेने कलतात? उजव्या हाताच्या, सरळ. एकाच कागदावर दोन्ही कल आहेत, छापलेला उलटा आणि हाताचा सुलटा, आणि मी दोन्ही एकत्र मोजून गोंधळ घातला होता. हा चित्रकाराने सुधारणा करायला घेतलेला कच्चा छाप असेल का? असेल तर फारच सुंदर. पण नंतरच्या कुणा मालकाने झीज झाकायला हात फिरवला असण्याची शक्यताही तितकीच आहे, म्हणून कार्डावर फक्त ‘ग्राफाइटचे हस्तकाम, कर्ता अनिश्चित’ एवढंच जाईल.

आमच्या सूचीच्या तक्त्यात ‘रेखाटन’ किंवा ‘छाप’ यातलं एकच निवडता येतं. छाप निवडलं, तंत्रात सॉफ्ट ग्राउंड एचिंग, आणि हस्तकाम वर्णनात. जुनी ओळख पुसली नाही, ‘पूर्वीची नोंद’ या रकान्यात माझ्या स्वतःच्या चुकीसकट ठेवली. उद्या कुणी जुन्या वहीतलं ‘पेन्सिल’ शोधत आलं तर त्याला हा कागद सापडायला हवा.

बाकी कामाचं थोडक्यात. तिसरा खोका संपायला आता नऊ कागद उरलेत. ३/२७ ची खिडकी-माउंट (चित्रापुरती चौकट कापलेला पुठ्ठा) उघडली तेव्हा माउंटच्या काठाखाली प्रकाशनाची अख्खी ओळ सुरक्षित मिळाली, वर्षासकट. ब्रिटनमध्ये १७३५ पासून पत्र्यावर प्रकाशनाची तारीख आणि मालकाचं नाव घालणं कायद्याने आवश्यक झालं, त्याचा फायदा आपल्याला आजही होतो. माउंट करणाऱ्यांना मात्र ती ओळ झाकायची फार हौस. माझी विनंती: जुनी माउंट उघडता येण्यासारखी असेल तर उघडल्याशिवाय कार्ड बंद करू नका.

नव्या फोल्डरांनी निराश केलं. ‘आम्लमुक्त’ म्हणून आलेल्या गठ्ठ्यातल्या एका कोपऱ्यावर आम्लता तपासायचं पीएच पेन ओढलं, रेघ जांभळी व्हायला हवी होती, पिवळी झाली. पूर्ण गठ्ठा परत पाठवला. पेन फक्त फोल्डरांवर, चुकूनही चित्रावर नाही. आणि पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं ३/४१ साठी वापरणार नाही. स्थिर विजेने ती ग्राफाइटचे सुटे कण ओढून घेतात, आणि इथे तेच कण पुरावा आहेत.

पुढचा बेत होता चौथा खोका उघडायचा, आणि ३/४१ चा पुठ्ठा सोडवण्यासाठी संवर्धकाकडे पाठवायचा. पाठीमागून दाब दिसेल, वॉटरमार्क मिळाला तर मिळेल. पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली आणि मी मध्येच उठून आले. याच देणगीत वहीत ‘पेन्सिल’ म्हणून नोंदलेले आणखी अकरा कागद आहेत, ३/३५ ते ३/४६ मधले उरलेले. ते सगळे मी मागच्या महिन्यात रेखाटनं म्हणून बंद केले होते. पुठ्ठा पाण्यात भिजवण्याआधी या सगळ्यांचे तिरप्या उजेडातले फोटो हवेत, कारण ओलाव्यानंतर शाईचा उंचवटा आज आहे तसा राहील याची खात्री मला नाही. म्हणजे चौथा खोका थांबला.

३/३८ आत्ताच दिव्याखाली ठेवलं होतं. आकाश गुळगुळीत, धारी फक्त रेषेत. ३/४१ मध्ये एका सेंटिमीटरला नऊ धारी मोजल्या होत्या. इथेही नऊ भरल्या तर चित्रकाराने दोन्ही पत्र्यांवर एकाच कागदाचे तुकडे टाकले असतील. पट्टी दुसऱ्या खोलीत आहे, आणायला जाते.