नेरिटा गोगलगायीच्या अंड्यांचे कोष : नाशिकहून ठेवलेल्या नोंदी

नाशिकमध्ये राहून मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरील छोट्या समुद्री गोगलगायींच्या विणीचा हंगाम टिपायचा, तर तिथी आणि घड्याळ यांचा मेळ आधी घालावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे लागते. त्यामुळे नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून गेल्यास बहुतेक खडक पाण्याखालीच सापडतात. यंदा मी आदल्या रात्री मुक्कामाला जाऊन उजाडताच वांद्र्याच्या बँडस्टँडवरील खडकांत उतरतो.

सर्वांत स्पष्ट नोंदी नेरिटा या गोगलगायीच्या मिळाल्या. नेरिटाची मादी आपले अंडकोष, म्हणजे अंडी असलेल्या छोट्या पिशव्या, खडकाला, क्वचित शेजारच्या गोगलगायीच्या शंखालाही, घट्ट चिकटवते. ताजा कोष लंबगोल, पांढरट आणि वरून फुगीर असतो. आतले डिंभ (अंड्यातून निघणारी सूक्ष्म पिल्ले) बाहेर पडताना त्याचे वरचे झाकण सुटून जाते आणि तळाची पांढरी कड तेवढी खडकावर उरते. प्रत्येक पांढरा ठिपका मोजत गेल्यास जुनी वीणही चालू महिन्याच्या खात्यावर जमा होते, आणि माझ्या मते हंगामाचे चित्र बिघडते ते इथेच. म्हणून मी विजेरीचा उजेड बाजूने तिरका टाकतो. फुगीर कोषाची सावली पडते, रिकाम्या कडेची जवळजवळ पडत नाही. एप्रिल-मेमध्ये सावलीतल्या कपारींत ताजे कोष दाटीने दिसले. जूनपासून समुद्र खवळतो आणि खडकांवर उतरणे धोक्याचे होते, तेव्हा पावसाळ्याचे रकाने मी कोरे ठेवले आहेत. तिथे शून्य लिहिणे चुकीचे ठरेल.

एकिनोलिटोरिना आणि प्लॅनॅक्सिस या खडकांवरील दुसऱ्या गोगलगायींना मात्र ही पद्धत लागू पडत नाही. पहिली आपले सूक्ष्म अंडकोष थेट पाण्यात सोडते, तर प्लॅनॅक्सिस सल्केटसची मादी भ्रूण स्वतःच्या शरीरातील पिशवीत वाढवते. काही किनाऱ्यांवर त्यातून पोहणारे डिंभ बाहेर येतात, तर काही ठिकाणी थेट सरपटणारी पिल्ले. खडकावर अंडी दिसली नाहीत एवढ्यावरून त्यांचा हंगाम नाही, असे म्हणता येणार नाही. शंख फोडून पाहणे मला मान्य नाही. समुद्र शांत झाल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून, मोजक्या प्लॅनॅक्सिस रात्रभर तिथल्याच पाण्यात काचेच्या वाटीत ठेवून, सकाळी त्या पाण्याचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासणार आहे आणि त्याच ओहोटीला त्यांना मूळ कपारीत परत सोडणार आहे.