नाकातली नळी आणि मोड आलेली नाचणी

रेडिएशन विभागातून आहारतज्ज्ञाला सकाळी सकाळी फोन आला, की त्यामागे बहुधा एकच कारण असते, ते म्हणजे कोणाचा तरी मास्क सैल झालेला असतो. डोके आणि मानेच्या कर्करोगात रेडिएशन देताना गरम पाण्यात मऊ केलेले जाळीदार प्लॅस्टिक चेहऱ्यावर दाबून त्या चेहऱ्याचा नेमका साचा तयार करतात. पुढे रोज तोच साचा चढवून टेबलाला पक्का केला, की रुग्ण हलत नाही आणि किरण ठरलेल्या जागीच पोहोचतात. वजन उतरले की गाल बसतात, मानेभोवतीचे मांस झडते आणि चेहरा त्या साच्यात हलू लागतो. मग तंत्रज्ञ मशीन थांबवतात. नवा साचा, नवा सीटी स्कॅन आणि नवे नियोजन यांत उपचाराचे दिवस बुडतात, आणि तोंडाच्या कर्करोगात तेच सर्वांत महाग पडते, कारण साधारण चौथ्या आठवड्यापासून उरल्यासुरल्या कर्करोगपेशी अधिक वेगाने वाढू लागतात.

त्या श्रावणी सोमवारी मास्क सैल झाला होता तो सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या शेतकरी बाईंचा. मी त्यांना काकू म्हणत असे. लहानपणापासून दातांना मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावण्याची सवय, त्यातून गालाच्या आतल्या बाजूला झालेला कर्करोग, शस्त्रक्रियेत गालाचा भाग, जबड्याचा तुकडा आणि मानेतील गाठी काढून छातीवरचा स्नायू व कातडी वळवून बांधलेला नवा गाल, आणि आता सहा आठवड्यांचे रेडिएशन व आठवड्यातून एकदा किमो, असा त्यांच्या फाइलचा गोषवारा होता. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होत होता आणि मुलगा त्यांच्यासोबत धर्मशाळेत राहत होता. रेडिएशन सुरू झाले तेव्हा त्यांचे वजन 48 किलो होते. त्या दिवशी काट्याने 42 दाखवले.

वजन उतरण्याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाची आतली त्वचा सोलवटते, लाळ चिकट दोरीसारखी होते, चव जाते आणि पाण्याचा घोटही तिखट लागतो. हे जवळपास सगळ्यांनाच होते, पण सगळ्यांचे वजन सहा किलोंनी उतरत नाही. म्हणून मी मुलाला आदल्या दिवशीचा आहार तासातासाने सांगायला लावला. सकाळी गव्हांकुराचा रस, नंतर शहाळे, दुपारी तांदळाची पातळ पेज, चार वाजता पुन्हा कसला तरी पाल्याचा रस, रात्री मुगाच्या डाळीचे वरचे पाणी. दूध पूर्ण बंद होते, कारण दुधाने गाठ वाढते असे त्याला मोबाइलवरच्या गटांतल्या संदेशांतून कळले होते. साखर आणि गूळ बंद होते, कारण कर्करोग साखरेवर जगतो. तेलतूप बंद होते, ते का, हे मात्र त्यालाही सांगता आले नाही. "आणि आज तर आईचा सोमवार आहे," असे तो शेवटी म्हणाला.

मी हिशेब मांडला. दिवसभरात पोटात जात होत्या चारशे-साडेचारशे किलोकॅलरी आणि जेमतेम 10 ग्रॅम प्रथिने. अशा रुग्णाला दर किलो वजनामागे रोज 25 ते 30 किलोकॅलरी आणि 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे आधीच्या 48 किलो वजनाच्या हिशेबाने काकूंना सुमारे 1,400 किलोकॅलरी आणि 60 ते 70 ग्रॅम प्रथिनांची गरज होती. घरात आईवर जीव टाकणारा मुलगा होता, हाताशी दोन पैसेही होते, आणि तरीही बाई उपासमारीने वाळत चालल्या होत्या.

त्याच्या मोबाइलवर आलेले ते संदेश मी वाचले. अशा संदेशांचा मला पूर्वी फार राग येत असे, आता तितका येत नाही. डॉक्टरांच्या खोलीत नातेवाइकाला पाच मिनिटे मिळतात आणि त्यातली तीन कागदपत्रांत जातात. संदेश त्याला सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचे वेळापत्रक देतो, हाताला काम देतो आणि आपण आईसाठी काही तरी करत आहोत हे समाधान देतो. रुग्णालयाने ती जागा रिकामी ठेवली की ती कोणी तरी भरणारच. आमच्याच आवाराबाहेरच्या टपऱ्यांवर वडापाव, मिसळ आणि कडक चहा यांखेरीज काही मिळत नाही, तोंड सोललेल्या माणसाने तिथे काय खावे हा प्रश्न आम्हालाही इतकी वर्षे पडलेला नाही, मग त्या मुलाला कोणत्या तोंडाने बोल लावायचा?

साखरेचा मुद्दा मात्र मी सोडला नाही, कारण त्याला खऱ्या विज्ञानाचे एक टोक आहे. कर्करोगपेशी ग्लुकोज फार वेगाने वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवले आणि शरीरातील गाठी शोधणारा आजचा पेट स्कॅन त्याच गुणधर्मावर चालतो. पण म्हणून ताटातली साखर काढली की गाठ उपाशी मरते, असे होत नाही. खाण्यातून मिळाले नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून रक्तातील साखर टिकवते. मी काकूंचा दंड मुलाच्या हातात दिला आणि सांगितले, "गाठीला साखर मिळायची ती मिळतेच आहे. ती इथून जातेय." त्याने दंडाभोवती बोटे गुंडाळून पाहिली. अंगठा आणि मधले बोट सहज जुळले. काकूंना मधुमेह नव्हता, तेव्हा साखर बंद ठेवण्याचे दुसरेही कारण नव्हते. कच्चे रस मात्र मी लगेच थांबवायला लावले, कारण किमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना न उकळलेल्या रसातून होणारा जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो.

पेज घट्ट करून किंवा दूध वाढवून आता भागणार नव्हते. तोंडातून इतके जाणे शक्यच नव्हते, त्यामुळे नाकातून जठरापर्यंत नळी घालावी असे डॉक्टरांनी आणि मी सुचवले. काकूंनी मान हलवून साफ नकार दिला. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस त्यांना नळी होती आणि ती निघाली तेव्हा त्यांनी गावी नारळ फोडायला सांगितले होते. मुलगा मला बाहेर घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्या भावकीतल्या एकाला नळी घातली आणि आठ दिवसांत ते गेले. गावात नळी म्हणजे संपलं असंच समजतात." हे मी अनेकांकडून ऐकलेले आहे, आणि त्यात नळीचा दोष नसतो, ती फार उशिरा घातली जाते, इतकेच.

अशा वेळी माझ्या समजावण्यापेक्षा दुसऱ्या रुग्णाचे दोन शब्द अधिक कामी येतात. बाहेरच्या बाकावर रेडिएशनच्या नंबरची वाट पाहत एक रिक्षाचालक बसले होते. नाकावर चिकटपट्टी, नळीचे टोक शर्टाच्या खिशात, मांडीवर डब्याची पिशवी. बोलाल का, असे विचारताच ते उठून आले. त्यांनी पिशवीतून मोठी सिरिंज आणि थर्मास काढून काकूंना दाखवला आणि अडखळत म्हणाले, "ताई, जेवताना रडायचो मी. आता पोट भरतं आणि तोंडाला सुट्टी. लाइट संपले की काढणार आहेत." रेडिएशनला रुग्ण लाइट म्हणतात. काकूंनी त्यांच्या नळीकडे बराच वेळ पाहिले. मग मुलाच्या हातावर बोटाने काही तरी गिरवले. मुलगा म्हणाला, "चहा तोंडानं पिऊ देणार का, विचारतीय."

तो प्रश्न ऐकून मला खरे तर आनंदच झाला, कारण नळी असतानाही गिळणे पूर्ण थांबवू नये असेच आम्ही सांगतो. गिळण्याचे स्नायू आठवडेच्या आठवडे वापरले नाहीत तर ते आखडतात आणि उपचार संपल्यावरही माणूस नळीवरच राहतो. गिळण्याच्या उपचारतज्ज्ञांनी तपासून कोमट, दुधाळ चहाचे लहान लहान घोट घ्यायला परवानगी दिली. काकू तयार झाल्या. सिस्टरनी नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी मोजून खूण केली, सुन्न करणारी जेली लावली आणि घोट गिळायला सांगत ती आत सरकवली. एक्स-रेमध्ये नळी जठरातच आहे याची खात्री झाल्यावर दुपारी शिकवणी सुरू झाली.

तोवर गावाहून सून येऊन पोहोचली होती. भांगलणीचे दिवस, घरी लहान मूल, त्यामुळे ती इतके दिवस येऊ शकली नव्हती. नळीतून द्यायच्या आहारात मी दूध, दूध पावडर, मुगाच्या डाळीचा मऊ गोळा, साखर, चमचाभर तेल आणि नाचणीची खीर धरली होती. अंडे सुचवले, पण श्रावण पाळणाऱ्या घरात ते अडले आणि मी आग्रह धरला नाही, कारण दूध पावडरीने तेवढी प्रथिने भरून निघत होती. पहिल्या दिवशी गरजेच्या निम्माच आहार द्यायचा होता. इतके दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले तर रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि त्याचा ताण हृदयावर येतो.

सुनेने खीर मिक्सरमधून काढली, गाळली आणि सिरिंजमध्ये ओतली. आधी पाणी, मग आहार, मग पुन्हा पाणी, दट्ट्या न दाबता सिरिंज उंच धरून अन्न आपल्या वजनाने उतरू द्यायचे, रुग्णाने बसलेले असावे आणि नंतरही अर्धा-पाऊण तास आडवे होऊ नये, हे सगळे तिने नीट ऐकले होते. पण खीर उतरेना. नाचणी गार होताना घट्ट होते. पाणी घालून पातळ केली तर पोट पाण्यानेच भरते आणि हिशेब पुन्हा पेजेवर येतो. सुनेने नकळत दट्ट्या दाबला, तेव्हा काकूंनी तिचे मनगट धरून तिला थांबवले.

त्यानंतरची काही मिनिटे मी नुसती पाहत होते. काकूंनी एक मूठ मिटून तिच्यावर दुसऱ्या हाताने फडके बांधल्याचा अभिनय केला, मग मुठीतून एक बोट हळूच वर काढले. सून हसली. "आत्या मोडाचं पीठ म्हणत्यात. आमच्या बाळाला त्यांनीच करून घातलं होतं." आमच्या आहार विभागाच्या स्वयंपाकघरात मोड आणून, न भाजता वाळवलेल्या नाचणीचे पीठ असते, ते मी आणवले. धान्याला मोड येताना त्यात पिष्टमय पदार्थ तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होते आणि असे चमचाभर पीठ घट्ट खिरीत ढवळले की ती पाणी न घालता पातळ होते. लहान मुलांच्या आहारात ही युक्ती आम्ही पुस्तकातून शिकतो. खीर उकळती असेल तर मात्र विकर नष्ट होते. सून गरम पातेल्यात पीठ टाकणार, इतक्यात काकूंनी पुन्हा हात आडवा केला, बोटांची मागची बाजू पातेल्याला लावून पाहिली आणि थांब अशी खूण केली. थोड्या वेळाने पुन्हा हात लावला आणि मान डोलावली. पीठ पडले, पळी फिरू लागली आणि पाहता पाहता खीर पळीवरून ताकासारखी ओघळली. जंतूंची भीती नको म्हणून मी तिला पुन्हा एक उकळी आणायला लावली. कोमट झाल्यावर ती सिरिंजमधून सरसर खाली उतरली. सिरिंज या वेळी काकूंनी स्वतःच धरली होती.

नंतर मी सुनेला काकूंच्या तोंडाच्या स्वच्छतेबद्दल सांगत होते. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा खळखळून थुंकायचे, मऊ ब्रश वापरायचा, तोंड उघडण्याचा व्यायाम चुकवायचा नाही, नाही तर जबडा आखडतो. हे बोलणे चालू असताना काकूंनी माझ्या हाताला स्पर्श केला, सुनेच्या दातांकडे बोट दाखवले आणि मग स्वतःच्या गालाकडे. सुनेने पदर तोंडाशी नेला. सकाळी एकदा आणि रात्री एकदा, ती खालच्या आवाजात म्हणाली, पोट साफ होत नाही लावल्याशिवाय. घरातल्या बायका लावतात म्हणून ही सवय तिला लग्नानंतर लागली होती. मी तिला त्याच दिवशी तोंडाच्या बाह्यरुग्ण विभागात नेले. तिच्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत, एक पांढरट चट्टा निघाला. मशेरी बंद करून दर तीन महिन्यांनी तपासायला या, असे डॉक्टरांनी तिला लिहून दिले.

काकूंचा साचा पुन्हा बनवावा लागला आणि दोन दिवसांचे रेडिएशन बुडाले. शनिवारी जादा उपचार देऊन डॉक्टरांनी त्यातील काही भरून काढले. वजन त्या आठवड्यात उतरायचे थांबले आणि रेडिएशन संपले तेव्हा काटा 43 किलोंवर होता. नळी पुढे काही आठवड्यांनी निघाली. तोंड अजून दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, लाळ कमी असल्याने पाण्याची बाटली सतत जवळ लागते आणि भाकरी दुधात कुस्करूनच खावी लागते. मुलाने मोबाइलवरचे ते गट सोडलेले नाहीत, पण नवीन काही आले की आधी मला पाठवतो. आमच्या विभागात आता दर सोमवारी रेडिएशनच्या प्रत्येक रुग्णाचे वजन होते आणि दोन किलो उतरले की फाइल त्याच दिवशी माझ्या टेबलावर येते. मास्क सैल होण्याची वाट पाहावी लागत नाही.

दर तीन महिन्यांनी सासू आणि सून तपासणीला एकत्रच येतात. सुनेचा चट्टा वाढलेला नाही. मशेरी पूर्ण सुटली, असे ती दर वेळी ठामपणे सांगते आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या काकू अंगठा आणि तर्जनी जवळ आणून मला खुणावतात, की अजून चिमूटभर चालू आहे.