जुन्या अल्टोचे दरवाजे चवथीआधी बघून घ्या
आज पाऊस जरा उघडला, म्हणून मांद्र्यात जुनी अल्टो धुवायला काढली. दरवाजा हलवला की आत पाणी डचमळतं, म्हणजे खालच्या कडेची निचऱ्याची भोकं मातीनं बुजलीत. काचेच्या रबरातून पाणी आत उतरणारच. ते बाहेर पडलं नाही की पत्रा आतून कुजतो, रंगाला फोड येईपर्यंत पत्ताही लागत नाही. केबल टायनं भोकं मोकळी करा. तार नको, रंग खरवडतो. फोड आलाच असेल तर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, आधी 80, मग 180 नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर एपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा, ओल अडवणारा थर), मग रंग. गंजावर थेट अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला मारतात तो जाड काळा लेप, कृपा करून मारू नका! ओल आतच अडकते आणि पत्रा खात राहते. गाडीतल्या गालिचाखालीही हात घालून ओल आहे का बघा.