सदर कोण?

आमच्या पाड्यावर डोली निघाली की बायका दारात येतात आणि कोण आहे ते विचारतात. अडलेली बाळंतीण, साप चावलेला गडी, तापानं फणफणलेलं पोर. डोली कायम उताराला लागते, डांबरी रस्त्याकडे. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ती चढाला लागली, तेव्हा शेजारीण ओरडलीच, "उलटी कुठं चाललात?"

डोलीत आमच्या पाड्यावरची सगळ्यात म्हातारी आजी बसली होती. ती आजारी नव्हती. तिला गावाची हद्द दाखवायची होती आणि गुडघे चालू देत नव्हते.

आम्ही वारली, जव्हार तालुक्यातले. मी गावच्या वनहक्क समितीची सचिव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावानं सामूहिक वनाचा दावा केला होता. तो 'पुरावे अपुरे' असा शेरा मारून परत आला. आता जंगलात जन्म काढलेल्या माणसांकडे कागद कुठले असणार? तेव्हा २००८ चे नियम घेऊन बसलो. तेराव्या नियमात वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा धरलाय. कंदमुळं-भाज्या गोळा करायच्या जागा, गुरचरण, देवाची झाडं, मसणवट हेही पुरावेच. एकाहून जास्त पुरावे लागतात, एवढंच. म्हणजे लागणारा पुरावा आजीच्या डोक्यात होता आणि तो आम्ही तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानांत शोधत फिरलो होतो.

गटात आम्ही नऊ पोरंपोरी. त्यातले निम्मे नुकतेच भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवरून आईबापांसोबत परतलेले. आमच्या वहीचं पुढचं पान भट्टीच्या हिशोबाचं असतं: कुठल्या घरानं दिवाळीआधी किती उचल घेतली, आठवड्याची खर्ची किती मिळाली, किती हजार विटा पाडल्या, मागं राहिलेली पोरं कोणत्या आजीकडे जेवतात. त्या दिवशी वही उलटी करून मागून जबाब लिहायला घेतले.

डोलीचा पुढचा खांदा आजीच्या नातवाचा. दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेला, जीपीएसचं ॲप त्यानंच सगळ्यांना शिकवलं. वाघोबापर्यंत वाट सगळ्यांच्या पायाखालची आहे, वाघबारशीला दरवर्षी जातोच. शेंदूर लावलेला तो वाघ, वर सूर्य-चंद्र. त्यापुढं मात्र पोरं गप्प झाली आणि आजी बोलायला लागली. "डावीकडं घ्या. ओहळ उतरू नका, पलीकडचं त्यांचं." पलीकडे शेजारच्या गावचे दोन म्हातारे निरोपाप्रमाणे येऊन बसलेच होते. त्यांनी आणि आजीनं हातवारे करून पाच मिनिटांत हद्द ठरवली. मग कोणाच्या लग्नात कोण किती ताडी प्यालं यावर तासभर गेला. नातू फोन हातात धरून उभा. बॅटरी उतरत होती, पण सांगायची कोणाची छाती!

परत फिरताना आजीनं डोली थांबवली. मला तर पाचोळाच दिसत होता. तिनं काठीनं तो सारला तर खालून जांभळट-तपकिरी कोंब, बोटभर उंचीचे. शेवळं! पहिल्या पावसाआधीच वर आलेली. घरी शिजलेली सगळ्यांनी खाल्ली होती, उगवताना निम्म्यांनी बघितली नव्हती. नातवानं लगेच तिथं ठिपका मारला.

वाघोबापाशी बसून मी जबाब लिहिला. आश्रमशाळेनं मला अक्षर चांगलं दिलं, त्याबरोबर एक भाषाही दिली. आजी म्हणाली अंगठा नंतर, आधी वाच. याला कारण होतं. भट्टीवर तिच्या लेकानं न वाचलेल्या वहीवर अंगठा दिला होता, आणि परत येताना उचल फिटलीच नाही असं ऐकून आला होता.

मी वाचलं, "सदर क्षेत्रातून आम्ही पूर्वापार वनोपज गोळा करीत आलो आहोत."

"सदर कोण?" आजीनं विचारलं. "आपल्या गावात सदर कोणी नाय."

पोरं खो-खो हसली. मला आधी राग आला, मग लाज वाटली. पान फाडलं. पुन्हा लिहिलं, ती बोलली तसंच: माझा बा इथं गुरं चारायचा, राबाला टहाळ इथूनच तोडायचो, दुष्काळात कडूकांद इथंच खणले, राखेत शिजवून रात्रभर ओहळात ठेवले तेव्हा कुठं त्यांचं कडू गेलं. साहेबाला वाचायला जड जाईल, तर जाऊ दे. हा जबाब त्याच्या सोयीसाठी नव्हता.

आता अंगठा, असं वाटलं तोच आजीनं नातवाकडे बघितलं. "त्या मोबाईलात शेवळं टाकलीस?"

"हो. पुरावा आहे ना."

"म्हणजे कागद वाचेल त्याला कळणार, कुठं उगवतात."

कोणी काही बोललं नाही. जूनमध्ये शेवळांच्या जुड्या वसई-दादरच्या बाजारात काय भावानं जातात ते आम्हाला ठाऊक आहे. पुरावा द्यायचा तर जागा सांगावी लागते, आणि जागा सांगितली की तिथं पुढच्या साली कंद राहतो की नाही कोण जाणे. कायद्याच्या कुठल्या प्रशिक्षणात हा प्रश्न कोणी काढला नव्हता. शेवटी नातवानं ठिपका पुसला. नकाशावर अख्ख्या उतारालाच रेघ मारून 'रानभाजीची जागा' लिहिलं. आजीनं ते दोनदा वाचून घेतलं, मग शाईत अंगठा बुडवला.

डोली उताराला लागली. पदरात शेवळं होती, पण काकडाची आंबट फळं घातल्याशिवाय ती घशाला खाजतात. नातवानं मान न वळवता विचारलं, "आजी, काकडाचं झाड कोणतं?"

तिनं डोलीतूनच निळा अंगठा वर केला आणि उजवीकडं दाखवला. "ते काय. आणि माझी डोली आधी नीट खाली ठेव, मग चढ."