मेंढरं बाप्यांची, घोडी बायांची

घोडी पोट फुगवते. धनगर आजीनं तंग आवळायला घेतला की ती छातीभर श्वास घेते आणि तो तसाच कोंडून धरते. म्हणजे दोरी पोटाला काचत नाही. मग मैलभर चाललं की तंग ढिला पडतो, ओझं एका अंगाला झुकतं आणि सगळं बिऱ्हाड रस्त्यावर सांडतं. आजीला हे तिच्याहून जास्त ठाऊक आहे. दोरीचं टोक एका हाताला गुंडाळून, दुसरा तळवा घोडीच्या पोटावर ठेवून ती नुसती उभी राहते. "सोड गं बाई, सोड. मला न्हाय घाई." घोडी कान हलवते, शेपटी झटकते आणि शेवटी फुर्रकन श्वास सोडते. त्याच क्षणी आजी बरगडीला गुडघा लावून तंग खेचते आणि गाठ मारून मोकळी होते.

कार्तिकातली पहाट होती. सुप्याच्या माळावर अजून तांबडं फुटायचं होतं. मी अंगाभोवती शाल लपेटून दहा हातांवर उभी होते, आणि ज्यासाठी तीन दिवस हिंडले ते हेच, असं मला त्या वेळी पक्कं वाटलं.

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात या नावाचा तालुकाच होता. आता पुण्यातल्या माणसाला हे नाव जत्रेमुळे माहीत असतं, आणि राज्यगीत म्हणताना भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख ओठांवर येतो. पण ते तट्टू दिसतं कसं, हे शंभरातल्या किती जणांना सांगता येईल? माझं माहेर दौंड तालुक्यातलं, भीमा घरापासून चालत अर्ध्या तासावर. दिवाळी झाली की तुटलेल्या उसाच्या रानात धनगरांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, उतरायचे. घोड्यांच्या पाठीवर कोंबड्यांची डालगी, भांडी, काल-परवा जन्मलेली कोकरं, आणि या सगळ्याच्या वर बसलेलं एखादं दोन वर्षांचं पोर. आम्ही शाळा सोडून मागे पळायचो. त्या घोड्यांना जात असते, नाव असतं, असं कुणी सांगितलं नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केल्याचं वाचलं, तेव्हा आधी डोळ्यांपुढे आली ती डालगी. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भूतिया, स्पिती, झांस्कारी आणि आठवी ही आपली.

म्हणून या दिवाळीत पाडवा उरकून निघाले. पहिला मुक्काम अकलूजला, घोडेबाजारात.

अकलूजच्या बाजाराबद्दल फार लिहीत नाही. बघण्यासारखा आहे, जरूर जा. कानांची टोकं एकमेकांना भिडलेले मारवाडी, तुकतुकीत कातडीचे पांढरे नुकरे, रेशमी गोंडे, सावलीला कापडी मंडप. इथे घोड्याची उंची इंचांत सांगतात. चौसष्ट इंच म्हटलं की माणसं वळून बघतात. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग अंगावरचे केसांचे भोवरे शोधतं. गळ्याखाली 'देवमण' भोवरा असला की भाव चढतो, डोळ्याखाली 'आसूढाळ' असला की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. हे सगळं मी डोळे भरून बघितलं, पण माझं घोडं त्यात नव्हतं. ते सापडलं अगदी कडेला, ट्रॅक्टर लावले होते तिथे. बाभळीच्या सावलीत सात-आठ जनावरं साध्या सुती दाव्यांनी बांधलेली. उंची पन्नास-बावन्न इंच. आखूड मान, रुंद छाती, काटक पाय, काळे घट्ट खूर. ना गोंडा ना घुंगरू. शेजारी पाच-सहा माणसं घोंगड्या टाकून बसलेली, भाव विचारायला कुणी नाही.

तिथेच मला सर भेटले. बारामतीकडचे निवृत्त शिक्षक. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. घरच्या गोठ्यात गाई कमी आणि घोडी जास्त, असा संसार. पाच घोड्या, एक नर. नर कुम्मैत, म्हणजे काळसर तांबडा, कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिळा. सर त्याला विकत नाहीत आणि भाड्यानंही देत नाहीत. दर वर्षी पाऊस संपला की त्याला घेऊन वाड्यावाड्यांतून हिंडतात आणि धनगरांच्या घोड्या फुकट भरवून, म्हणजे गाभण करवून, देतात.

"फुकट का?" मी विचारलं.

"कारण मी पैसे मागितले तर ते मारवाडी नराकडे जातील, ताई. मारवाडीचं शिंगरू उंच होतं, वरातीवाला चांगले पैसे देतो. त्यांचं चुकत नाही. पण अशा दोन पिढ्या झाल्या की पाय लांब होतात, खूर मऊ पडतात, आणि ज्याच्या पाठीवर बिऱ्हाड चढायचं त्याला रोज हरभरा लागायला लागतो. माळावर हरभरा कुठून आणायचा?"

या जातीची सगळी गोष्ट त्या हरभऱ्यात आहे. भीमथडीचं घोडं वाळल्या गवतावर, बांधावरच्या काडीवर निभावतं. दिवसभर ओझं वाहतं, रात्री पायबंद घालून सोडलं की स्वतःचं स्वतः चरतं. घाटातल्या सुट्या दगडांवर पाऊल आधी चाचपतं, मग टाकतं. मराठ्यांच्या फौजा रसदीचं लटांबर न घेता मुलूखच्या मुलूख ओलांडायच्या, त्यामागे असलीच काटक जनावरं होती. शिवकाळातल्या पागेचा, म्हणजे सरकारी घोडदळाचा, हिशोब सरांना तोंडपाठ आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. बारगिराला घोडं सरकारी, शिलेदाराचं स्वतःचं. पंचवीस जनावरांसाठी पाणी आणणारा माणूस वेगळा आणि नाल ठोकणारा वेगळा, ही व्यवस्था ऐकून मला खरंच भरून आलं. ज्यानं ती लावली त्याला घोडा कळत होता.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पागाही गेल्या. गोऱ्या साहेबाला उंच घोडे हवे होते, मुंबई बंदरात अरबी घोडे उतरत होतेच. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आहे, त्याच्या नावात तेवढी पागा राहिली. १८१७ च्या तहातून उभं राहिलेलं पूना हॉर्स हे घोडदळही आज रणगाड्यांची रेजिमेंट आहे. मग हे तट्टू टिकलं कुणाकडे? सर मोटारसायकलला किक मारत म्हणाले, "चला, दाखवतो."

सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. त्याच्या बाहेरही माळ लांबवर पसरलाय. कुसळी गवत, मधूनच बोर, हिवर. तिथे चार बिऱ्हाडांचा एक वाडा उतरला होता, दुसऱ्या दिवशी पहाटे पश्चिमेला निघायचा होता. पुरंदर ओलांडायचा, भोरवरून वरंध घाट उतरायचा आणि महाडकडच्या भाताच्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या. शेतकऱ्याला लेंडीचं खत मिळतं, वाड्याला धान्य किंवा पैसे. मृगाच्या आत परत. आजीच्या लग्नाआधीपासून हीच वाट आहे.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. बाप्ये कळप घेऊन यायचे होते. वाड्यावर बाया, पोरं, तीन कुत्री आणि नऊ घोड्या. एका घोडीला बारा दिवसांचं शिंगरू होतं, आईच्या पोटाखालून इकडून तिकडे जायचा त्याचा खेळ चालला होता. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि यांच्या घोड्या बहुतेकदा वाटेवरच वितात. शिंगरू तासाभरात उभं राहतं. आजी म्हणाली, "येक रात थांबतो. दुसऱ्या दिशी त्ये आपल्या पायानं चालतंय. न्हाय चाललं तर मी घेती खांद्यावर."

सरांनी पिशवीतून टेप, मापाची काठी आणि लांबलचक वही काढली. खांद्याजवळची उंची, छातीचा घेर, तोंडाची लांबी, रंग, भोवरे, कुठल्या नराची, कितवं वेत, सगळं लिहायचं. बारामतीत भीमथडीसाठी जी संघटना उभी राहिली, तिच्यातल्या माणसांनी हे किचकट काम केलं म्हणून नोंदणीपर्यंत गाडी पोचली. जात आहे असं नुसतं छातीठोक सांगून भागत नाही, जनावरामागून जनावर मोजून दाखवावं लागतं. मी टेपचं दुसरं टोक धरायला बसले. घोडीच्या अंगाला धुराचा, गवताचा आणि ओल्या घोंगडीचा वास येत होता. आजीच्या घोडीचं नाव हरणी. रंग विटकरी, पाठीवर जुन्या पलाणाचे दोन पांढरे वण. एक्कावन्न इंच.

तेवढ्यात कळप आला. हजार खुरांची ती धूळ, कोकरांचा गलका, वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, ताणून मेंढ्या आत घेण्याची घाई. या माळावर लांडगा आहे, त्यात कुणी हयगय करत नाही. सगळं स्थिरावल्यावर वाड्याचे तात्या चुलीपाशी येऊन टेकले. सरांनी वही पुढे केली.

"तात्या, मालकाच्या रकान्यात तुमचंच नाव लिहू ना?"

तात्यांनी विडी पेटवली, थोडं थांबले. "मेंढरं असती तर माझं लिव्हा म्हणलो असतो. घोड्यांचं हिला इचारा."

मला वाटलं थट्टा चाललीय. पण ती थट्टा नव्हती. मेंढरं बाप्यांची, घोडी बायांची, हा वाड्याचा रिवाज. बाप्ये पहाटे कळप घेऊन रानानं निघतात. बिऱ्हाड बांधायचं, घोड्यांवर लादायचं, त्यांना चालवत पुढच्या मुक्कामाला न्यायचं, उतरवायचं, पाल ठोकायचं आणि कळप यायच्या आत चूल पेटवायची, हे सगळं बायांचं. कुठली घोडी पाण्याला बिचकते, कुठलीच्या पाठीला फोड आलाय, कुठली कधी भरवायची, कुठलं शिंगरू ठेवायचं आणि कुठलं विकायचं, हे त्यांनाच माहीत. सुनेला सासू शिकवते. लढाया संपून दोनशे वर्षं झाली. या दोनशे वर्षांत जातीची निवड कुणी केली असेल तर ती पोटावर तळवा ठेवून उभ्या राहणाऱ्या या बायांनी केली. माझ्या वाचनात आलेल्या कुठल्याच इतिहासात मला त्या दिसल्या नव्हत्या.

सरांनी त्या रकान्यात आजीचं नाव लिहिलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. तिनं हात पदराला पुसून अंगठा उठवला.

रात्री भाकरी आणि मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा. आजीची धाकटी सून दहावी शिकलेली, तिला मी मनातला प्रश्न विचारला. बऱ्याच वाड्यांनी आता टेम्पो घेतलेत. बिऱ्हाड टेम्पोत टाकलं की तासाभरात पुढच्या मुक्कामाला. तुम्ही का नाही घेत? ती हसली नाही, नीट विचार करून बोलली. "टेम्पो डांबरीनं जातुया. मेंढरं जात्यात रानानं. मग रातीला बिऱ्हाड येकीकडं आन् माणसं येकीकडं. आन् टेम्पोला शिंगरू व्हतंय का, ताई?"

पण अडचणी तिनं लपवल्या नाहीत. गायरानं राहिली नाहीत, उसाला कुंपणं आली. चौपदरी रस्ता ओलांडताना दर वर्षी जीव मुठीत धरावा लागतो. गेल्या साली एका भरधाव गाडीनं त्यांची तीन वर्षांची घोडी उडवली आणि गाडी थांबलीसुद्धा नाही. आपल्या पोरीला ती शाळेसाठी गावात थोरल्या जावेकडे ठेवणार आहे. "तिनं शिकावं. पर घोडीला तंग घालायला बी यावा तिला." हे दोन्ही कसं जमणार, ते मला सुचलं नाही. सरांनाही सुचलं नसावं, ते आगीकडे बघत राहिले. नोंदणीचा कागद हाती आला, आता त्यामागून चराईची जागा, वाटेत जनावरांचा दवाखाना, चांगल्या नरांची सोय आली पाहिजे. ती आली नाही तर जात कागदावर राहील आणि माळ मोकळा होईल. हे मी मनापासून लिहितेय, आणि जिथे शक्य आहे तिथे बोलणार आहे.

पहाटे साडेचारला वाडा जागा झाला आणि सव्वापाचपर्यंत पालं उतरली होती. हरणीच्या पाठीवर आधी पोतं, त्यावर घडीची घोंगडी, मग पलाण. दोन्ही अंगांना सारख्या वजनाचे थैले. एका थैल्यात पिठाचा डबा, दुसऱ्यात तवा, पातेली, आणि वजन जुळेना म्हणून आजीनं वरून एक दगड टाकला. मग पालाचं कापड, खुंट्या, कोंबड्यांचं डालगं, आणि सगळ्यांत वर फडक्यात गुंडाळलेली दोन कोकरं, तोंडं बाहेर. मग तंग, आणि ती श्वासाची वाट बघणं.

मी त्यांच्याबरोबर मोरगावच्या रस्त्यापर्यंत चालले. नऊ घोड्या एका ओळीत, पुढे आजी. वाटेत कालव्याची एक चारी लागली, पाणी गुडघ्याएवढंही नव्हतं. घोड्या उतरून पलीकडे गेल्या. शिंगरू काठावरच थबकलं. पाण्याला नाक लावलं, फुरफुरलं, दोन पावलं मागे सरकलं. पलीकडे त्याची आई थांबली. ती थांबली म्हणून मागची थांबली, आणि मग पुढे गेलेली हरणीसुद्धा थांबली. कुणी हाकारा केला नाही, कुणी काठी उगारली नाही. आजीनं वळून बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हरणीच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली.

पूर्वेला उजाडत होतं. शिंगरानं एक पाय पाण्यात टाकला.